घरचं आजारपण सांभाळून जुनी मराठी पुस्तकं ऑनलाइन कशी विकावी

सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या किंवा वडिलांना विस्मरणाचा आजार जडलेला, त्यापायी नोकरी सुटलेली, हाताशी एक फोन. अशा घराला 'ऑनलाइन काहीतरी सुरू कर' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. साड्या, कुर्ते, खोटे दागिने, दुपारचे डबे असं बरंच काही सुचवलं जातं. यातलं बहुतेक या घराला झेपत नाही, कारण अडचण पैशांपेक्षा वेळेची असते. कुर्त्याचं माप चुकलं की तो परत येतो, वर त्याची फॅशन तीन महिन्यांत जाते. डबा बाराच्या आत पोचलाच पाहिजे. आणि म्हाताऱ्या माणसाचा ताप काही वेळ विचारून चढत नाही.

तेव्हा माल निवडताना एक कसोटी लावावी. हा माल पंधरा दिवस खोक्यात पडून राहिला आणि गिऱ्हाइकाला चार दिवस उशिरा मिळाला, तर काही बिघडतं का? जुनी मराठी पुस्तकं या कसोटीला उतरतात. सात वर्षं एखादी आवृत्ती शोधणारा वाचक आणखी सात दिवस आनंदाने थांबतो. मापाचा प्रश्न नाही, रंगाचा नाही, परत येण्याचं प्रमाण नगण्य. भांडवल म्हणाल तर पाच हजारांत सुरुवात होते. उणी बाजू दोन: धूळ आणि वजन. आजाऱ्याच्या घरात या दोन्हींचा बंदोबस्त करावा लागतो, त्यामुळे पुढे त्याबद्दल बरंच लिहिलं आहे.

आधी घरचं वेळापत्रक, मग धंद्याचं

एका कागदावर आजाऱ्याचा दिवस मांडा: औषधांच्या वेळा, इन्सुलिन, जेवण, आंघोळ, व्यायाम करून घ्यायला येणारी ताई, दुपारची झोप. यात जिथे दीड तास सलग मोकळा दिसेल तिथेच काम बसवायचं. अंथरुणावरच्या माणसाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. म्हणजे कामाचा कोणताही तुकडा दोन तासांपेक्षा मोठा असता कामा नये. फोनवर गजर लावूनच बसा. पुस्तकं चाळताना वेळ कसा जातो कळत नाही, हा या धंद्याचा जुना रोग आहे.

विस्मरणाच्या रुग्णांना बरेचदा संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास, जास्त बेचैनी येते. अशा घरात संध्याकाळी पाकिटं बांधायला काढू नयेत. चिकटपट्टीचा करकर आवाज, पसरलेली खोकी आणि अनोळखी माणसाचे फोन यांनी ती बेचैनी वाढते. बांधाबांध सकाळी उरका.

डायलिसिस चालू असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा प्रत्येकी चार तास बाहेरच्या खुर्चीत बसणं होतंच. तिथे पुस्तकं नेऊ नका, फोनवरची कामं न्या. वर्णनं लिहिणं, चौकशांना उत्तरं देणं, हिशेब चढवणं हे सगळं तिथे होतं. फोटो मात्र घरी, सकाळी दहा ते बाराच्या उजेडात खिडकीपाशी काढायचे. एका बैठकीत पंधरा पुस्तकं होतात.

पार्सलं पाठवायचे वार आठवड्यात दोनच ठेवा. मंगळवार आणि शुक्रवार चांगले. सोमवारी टपाल कार्यालयात गर्दी असते आणि शनिवारी दिलेलं पार्सल रविवारी पडून राहतं. हे वार प्रत्येक जाहिरातीत, प्रत्येक चौकशीच्या पहिल्या उत्तरात लिहायचे: 'पार्सल मंगळवारी व शुक्रवारी निघतात.' गिऱ्हाईक उशिरावर कमी चिडतं, कळवलं नाही म्हणून जास्त चिडतं.

याच कारणाने मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांपासून सुरुवातीला लांब राहिलेलं बरं. तिथे ऑर्डर पडली की पाठवण्याची मुदत सुरू होते आणि ती चुकली की विक्रेत्याचं मानांकन घसरतं. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बसून ती मुदत पाळता येत नाही. व्हॉट्सअॅप बिझनेस, इन्स्टाग्राम आणि फेसबुकवरचे पुस्तकवेड्यांचे गट इतकं पुरतं.

माल कुठून आणायचा

तुम्ही घर सोडून हिंडू शकत नाही, तेव्हा मालाने तुमच्याकडे यायला हवं. जवळपासच्या दोन-तीन रद्दीवाल्यांना गाठा आणि त्यांना एकच गोष्ट शिकवा: मराठी पुस्तकांचा गठ्ठा आला की कणे, म्हणजे नाव छापलेल्या पाठी, दिसतील असे रचून फोटो पाठवायचा. फोटोवरून निवड करा, भाव फोनवर ठरवा, माल तो फेरीवर येताना टाकून जाईल. निवडलेल्या पुस्तकांना रद्दीच्या चालू भावाच्या दुप्पट-तिप्पट दर द्या. यात कंजुषी केली तर पुढचा चांगला गठ्ठा दुसरीकडे जातो. पण 'सगळं उचला' म्हणाला तर नाही म्हणा. पन्नास किलोंत कामाची पाच किलो निघतात आणि उरलेली पंचेचाळीस तुमच्या घरात राहतात.

दुसरा मार्ग म्हणजे रिकामी होणारी घरं. पुण्या-मुंबईत जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या की वाचणाऱ्या पिढीची कपाटं बाहेर पडतात. आपल्या सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या गटात निरोप टाकून ठेवा. अशा घरातून पुस्तकं घेताना घाई करू नये. पुष्कळदा घरातलं माणूस नुकतंच गेलेलं असतं आणि भाव करणाऱ्यालाही अवघड होत असतं. पानांत जुने फोटो, पत्रं, कधी नोटा सापडतात. त्या न विचारता परत करायच्या. ज्या घराला पत्र परत मिळतं ते घर आणखी तीन घरांचे पत्ते देतं.

काय घ्यायचं? बाजारात मिळेनाशी झालेली आत्मचरित्रं, स्थानिक इतिहास, गावांची आणि घराण्यांची पुस्तकं, जुने पाककृतिसंग्रह, नाटकांच्या संहिता (हौशी नाट्यमंडळं कायम शोधात असतात), संतवाङ्मयावरच्या टीका, लहान मुलांची चित्रांची पुस्तकं, जुने दिवाळी अंक. काय घेऊ नये, याची यादी जास्त महत्त्वाची. अभ्यासक्रम बदललेली गाइडं. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यावर बहुपर्यायी प्रश्नांचे जुने संच रद्दीच झाले. फौजदारी कायद्याची जुनी पुस्तकं तशीच, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. संगणकाची पुस्तकं तर कुणी फुकटही नेत नाही. जे संदर्भग्रंथ आता इंटरनेटवर मोफत वाचता येतात त्यांचे जाडजूड खंड दिसायला भारदस्त असतात आणि जागा अडवून बसतात.

दोन प्रकारांना हात लावू नका. एक, पदपथावरच्या चोरट्या छपाईच्या प्रती. पातळ करडा कागद, धूसर मुखपृष्ठ, तिरकी छापलेली पानं, गोंदाचा उग्र वास ही त्यांची खूण. तुमच्या विकत घेतलेल्या अस्सल प्रतीची पुनर्विक्री कायदेशीर आहे, चोरटी प्रत विकणं हा गुन्हा आहे. दोन, ग्रंथालयाचा शिक्का असलेलं पण 'बाद' केल्याची नोंद नसलेलं पुस्तक. ते कुणीतरी परत केलेलं नसतं.

तपासणी आणि सफाई

आलेला गठ्ठा सरळ घरात घ्यायचा नाही. बाल्कनी, जिना, गच्ची, जिथे आजाऱ्याच्या खोलीकडे वारा जात नाही अशी जागा ठरवा. एन-९५ मास्क आणि जुना सदरा घालून काम करा. सफाई झाली की सदरा तिथेच उतरवा, साबणाने हात कोपरापर्यंत धुवा आणि मगच आत जाऊन औषध द्या. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या माणसाला पुस्तकांची धूळ लगेच बाधते. नाकातून नळीने अन्न देत असाल किंवा पाठीच्या जखमेचं ड्रेसिंग करत असाल, तर यात सूट नाही.

पुस्तक हातात घेतलं की आधी वास घ्या, मास्क घालण्यापूर्वी, लांबूनच. कुबट वास आणि हिरवे-काळे ठिपके दिसले तर ती बुरशी. असं पुस्तक कितीही दुर्मीळ असलं तरी आजाऱ्याच्या घरात आणायचं नाही. फक्त पिवळी पडलेली पानं किंवा तपकिरी डाग असतील तर काळजी नाही, ते कागदाचं वय आहे.

मग किडे. पानांच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या तर कसर. आरपार बारीक गोल भोकं दिसली आणि पुस्तक आपटल्यावर पिठासारखी भुकटी पडली तर भुंगा अजून आत जिवंत आहे. यावर घरगुती आणि खात्रीचा उपाय म्हणजे फ्रीझर. पुस्तक हवाबंद पिशवीत घालून चिकटपट्टीने तोंड बंद करा आणि आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पूर्ण एक दिवस तशीच राहू द्या. लगेच उघडली तर थंड कागदावर दव धरतं आणि बुरशीला आयतं आमंत्रण मिळतं. जाता जाता: इन्सुलिन खालच्या कप्प्यातच राहील याकडे लक्ष द्या. जागा करण्याच्या नादात ते फ्रीझरमध्ये सरकलं आणि गोठलं, तर फेकूनच द्यावं लागतं.

डांबरगोळ्या वापरायच्या नाहीत. पुस्तकांच्या खोक्यात त्या टाकायची आपल्याकडे सवय आहे, पण विस्मरण झालेलं माणूस पांढरी गोल गोळी पेपरमिंट समजून तोंडात टाकू शकतं, आणि ती विषारी असते. त्याऐवजी वेखंडाची पूड फडक्यात बांधून खोक्याच्या तळाशी ठेवा. वास उतरला की पूड बदला. पुरचुंडी मात्र घट्ट शिवून घ्या, तीही कुणाच्या हाती लागता कामा नये.

पुसायला कोरडा मऊ ब्रश, रंगकामाचा दीड इंची चालतो. वरच्या कडेपासून बाहेरच्या दिशेने झटका, कण्याकडे नाही, नाहीतर धूळ शिवणीत बसते. ओलं फडकं फक्त चकचकीत मुखपृष्ठावर, तेही घट्ट पिळून. जुन्या कापडी बांधणीला पाणी लागलं की रंग सुटतो. किमतीचं चिकट लेबल काढायचं असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राने अर्धा मिनिट ऊब द्या आणि कोपऱ्यापासून सावकाश ओढा. फाटलेल्या पानाला साधी चिकटपट्टी लावू नका. दोन-तीन वर्षांत ती पिवळी होते आणि शाई ओढून घेते. फाटकं आहे असं सांगून विकलेलं बरं.

पानं मोजायला एक युक्ती आहे. शिवलेली पुस्तकं बहुधा सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांची, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या जुडग्यांची, असतात. १६-१७, ३२-३३, ४८-४९ असे सांधे तपासत गेलात की फर्मा गळालाय का ते दोन मिनिटांत कळतं. सुटी पानं मात्र सुरुवातीला आणि शेवटी गळतात: अर्पणपत्रिका, प्रकाशनाच्या तपशिलाचं पान, शेवटची सूची. ऐतिहासिक पुस्तकांत नकाशे आणि वंशावळी फाडून नेलेल्या असतात. चित्रसूची असेल तर तिच्याशी पडताळा. तक्रारी येतात त्या बहुतेक इथेच, पान नसल्याच्या.

साठवण

एका खोक्यात वीस-पंचवीस पुस्तकं, वजन आठ किलोंच्या आत. आजाऱ्याला उचलून तुमची कंबर आधीच थकलेली असते, वीस किलोचं खोकं तिला बसवून टाकेल. खोक्याला क्रमांक, पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने क्रमांक: ७-१२ म्हणजे सातव्या खोक्यातलं बारावं. सगळी खोकी कमरेच्या उंचीच्या आत, भिंतीपासून चार बोटं लांब, जमिनीपासून फळीवर. आजाऱ्याच्या पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर एक कागदही राहता कामा नये. बांधणीच्या फुग्यांच्या प्लॅस्टिकचा (बबल रॅप) हातभर तुकडा फरशीवर पडला आणि त्यावर म्हाताऱ्या माणसाचा पाय पडला तर मांडीचं हाड मोडतं, आणि मग धंदाही संपला. कात्री आणि कटर झाकणाच्या डब्यात. औषधांच्या टेबलावर धंद्याची कोणतीही वस्तू नाही, सुटी नाणीसुद्धा नाहीत.

वर्णन आणि किंमत

चार फोटो पुरतात: मुखपृष्ठ, कणा, आवृत्ती आणि वर्ष दिसणारं पान, आणि प्रतीतला सर्वांत वाईट दोष. चौथा फोटो सगळ्यात मोठा काढा. वर्णनात लेखक, प्रकाशन, आवृत्तीचं वर्ष, पृष्ठसंख्या, बांधणी आणि स्थिती. 'उत्तम स्थिती' असं मोघम लिहू नका. 'पानं पिवळी, पहिल्या पानावर भेटीचा मजकूर, शिवण पक्की, पान ८८ वर पेनाच्या रेघा' असं लिहा. पानांचे फोटो किंवा पीडीएफ कुणी मागितली तर देऊ नका. तो लेखनाच्या हक्काचा भंग आहे, आणि असं मागणारा पुस्तक क्वचितच घेतो.

किंमत ठरवताना पहिला प्रश्न: पुस्तक आज नवं मिळतं का? मिळत असेल तर नव्याच्या निम्म्याहून वर जाऊ नका. मिळत नसेल तर दोन-तीन ठिकाणी मागितला जाणारा भाव पाहा, पण एक ध्यानात ठेवा. जाहिरातीत दिसतो तो मागितलेला भाव, मिळालेला नव्हे. वर्षभर तीच जाहिरात तिथेच असेल तर तो भाव खोटा.

हिशेबाचा नमुना घ्या. पुस्तक ४५ रुपयांना आलं, विक्री १८०, टपालखर्च गिऱ्हाइकाकडून वेगळा. बांधणीचं सामान १४ रुपये. वाया जाणाऱ्या आणि न खपणाऱ्या मालापोटी प्रत्येक पुस्तकामागे १५ धरा. हातात १०६ उरले. आता वेळ: तपासणी आणि सफाई १० मिनिटं, फोटो आणि वर्णन ८, गिऱ्हाइकाशी बोलणं १०, बांधणी ७, टपालाच्या फेरीचा वाटा ५. एकूण ४० मिनिटं. महिन्याला चाळीस पुस्तकं विकली तर सव्वाचार हजार रुपये आणि सुमारे सत्तावीस तास. घर यावर चालणार नाही. औषधांचा, डायपरचा खर्च निघेल, किंवा आठवड्यातून दोन सकाळी चार तास बसणाऱ्या मावशींचे पैसे निघतील. त्या मावशी ठेवायच्याच असतील तर मंगळवार-शुक्रवारी ठेवा, म्हणजे टपालाची फेरी निर्धास्त होते.

पैसे

आगाऊ पैसे, यूपीआयने, हाच नियम. माल पोचल्यावर रोख देण्याची सोय ठेवली की नाकारलेली पार्सलं परत येतात आणि दोन्ही बाजूंचा खर्च तुमच्या अंगावर पडतो. धंद्याचं बँक खातं वेगळं उघडा. आईच्या पेन्शनच्या खात्यात गिऱ्हाइकाचे पैसे घेऊ नका, पुढे भावंडांत त्या खात्याचा हिशेब निघाला की तुम्हाला उत्तर देता येणार नाही. आणि पार्सल टपालात पडेपर्यंत आलेला पैसा आपला धरायचा नाही. आजारपणात हाताशी आलेले पैसे खर्चून जातात, मग ऑर्डर रद्द करायची वेळ आली की परत द्यायला काही नसतं.

फसवणुकीच्या तीन तऱ्हा या धंद्यात नेहमी दिसतात. पैसे भरल्याचा बनावट स्क्रीनशॉट: बँकेच्या अॅपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय बांधायला घेऊ नका. 'मी सैन्यात आहे, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा': पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन मागितला की पैसे जाणार. 'चुकून जास्त गेले, उरलेले परत करा': आधी खात्यात काय आलंय ते पाहा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातात धंद्याचा फोन राहू देऊ नका, अनोळखी आवाजाला ते भाबडेपणाने ओटीपी वाचून दाखवतात. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.

बांधणी आणि टपाल

पुस्तक पोचताना दोन गोष्टींनी खराब होतं: कोपरा दबतो किंवा पाणी शिरतं. कोपऱ्यासाठी पुठ्ठा. नालीदार पुठ्ठ्याचे दोन तुकडे, पुस्तकापेक्षा चहूबाजूंनी एकेक सेंटीमीटर मोठे. पुस्तक आधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, मग दोन तुकड्यांमध्ये ठेवून सुती दोऱ्याने बांधा, वर खाकी कागद किंवा टपालाची जाड पिशवी. पुठ्ठा पुस्तकाएवढाच कापला तर फेकाफेकीत मार थेट कोपऱ्यावर बसतो, म्हणून तो सेंटीमीटर. रबरबँड लावू नका, तो कडेला कापतो आणि उन्हाळ्यात चिकटून बसतो. वर्तमानपत्रात थेट गुंडाळू नका, शाई उतरते. पत्ता बाहेर चिकटवा आणि एक प्रत आतही टाका. पावसाळ्यात बाहेरचा पत्ता पुसला तरी पार्सल मार्गाला लागतं. पिनकोड आणि फोन नंबर दोनदा वाचा.

जून ते सप्टेंबर एक जास्तीची काळजी. दमट पुस्तक प्लॅस्टिकमध्ये बंद केलं तर आठ दिवसांत बुरशी धरते. बांधण्यापूर्वी ते पंख्याखाली उभं, पानं थोडी उघडी ठेवून चार तास राहू द्या. औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून ठेवा, इथे कामाला येतात.

वजनाचा अंदाज: दोनशे पानांचं डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या, आकाराचं पुस्तक अडीचशे ग्रॅमच्या आसपास, बांधल्यावर तीनशेच्या वर. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. टपालखर्च बांधलेल्या वजनावर सांगा. नुसत्या पुस्तकाच्या वजनावर सांगितला की फरक खिशातून जातो.

टपाल खात्याने मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा सुरू केली आहे. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. मागोवा घेता येतो, पण पार्सल जमिनीवरून जातं, तेव्हा दूरच्या राज्यांत वेळ लागतो. ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव असावं लागतं. ठरावीक काळाने निघणारी आणि जाहिराती असलेली प्रकाशनं यात घेत नाहीत, म्हणजे दिवाळी अंक यात बसत नाही. तुमचं पुस्तक बसतं का, हे पहिल्या वेळी खिडकीवर विचारूनच घ्या. अंक आणि घाईची पुस्तकं स्पीड पोस्टने. पूर्वीचं रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे, तेव्हा 'साध्या रजिस्टरने पाठवा' म्हणणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांना हे समजावून सांगावं लागतं.

इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, गोवा इथल्या मराठी वाचकांकडून मागणी चांगली येते, तिथे मराठी पुस्तकांची दुकानं मोजकीच. परदेशातला वाचक असेल तर टपालखर्च पुस्तकाच्या किमतीला मागे टाकतो. त्याला भारतातल्या नातेवाइकाचा पत्ता मागा, पुढच्या फेरीत ते बरोबर नेतील.

घरी पार्सल उचलायला कुरिअरवाला बोलावत असाल तर त्याला बेल वाजवू नका, फोन करा असं सांगा. आजाऱ्याची दुपारची झोप मोडली की संध्याकाळ कशी जाते ते घरच्यांनाच ठाऊक.

अचानक रुग्णालयात जावं लागलं तर

लागणारच, असं धरूनच तयारी करायची. न पाठवलेल्या ऑर्डरी कधीही बाराच्या वर जाऊ देऊ नका. बारा पाकिटं म्हणजे एका माणसाची दीड तासाची बांधणी, ती शेजारची मुलगीही उरकू शकते. एका जाड कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा: चालू ऑर्डरींची वही कुठे, खोक्यांचे क्रमांक कसे वाचायचे, पुठ्ठा कुठे, कोणत्या टपाल कार्यालयात जायचं, पावत्यांचे फोटो कुणाला पाठवायचे. भाऊ, भाचा किंवा शेजारीण, कुणाला तरी एकदा हे सगळं प्रत्यक्ष करायला लावा. नुसतं सांगून ठेवलेलं वेळेला आठवत नाही.

व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये 'सध्या उपलब्ध नाही'चा निरोप आधीच लिहून ठेवा: 'घरातल्या आजारपणामुळे पार्सल आठ दिवस उशिरा निघतील. थांबणं शक्य नसल्यास कळवा, पैसे त्याच दिवशी परत मिळतील.' आजाराचा तपशील, रुग्णालयाचं नाव, आजाऱ्याचा फोटो काहीही टाकू नका. सहानुभूतीने ऑर्डरी वाढतात हे खरं आहे, पण आपल्या म्हाताऱ्या माणसाची परवानगी त्याला नसते.

कागदपत्रं

छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. फक्त पुस्तकंच विकत असाल तर नोंदणीची सक्ती नाही. सोबत कापडी पिशव्या, कॉफीचे मग असं करपात्र काही विकायला घेतलंत की चित्र बदलतं, तेव्हा आधी करसल्लागाराला विचारा. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला दुकान कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, आणि तिची पावती चालू खातं उघडायला उपयोगी पडते. धंद्याचं उत्पन्न विवरणपत्रात दाखवा. खरेदीची नोंद वहीत तारीखवार ठेवलीत तर काम सोपं जातं, रद्दीवाला पावती देत नाही.

नोव्हेंबरची एक आठवण कॅलेंडरवर आत्ताच करा. दिवाळी अंकांची मागणी आणि पेन्शनरांचा हयातीचा दाखला एकाच सुमारास येतात. दाखला आता फोनवर चेहरा दाखवूनही देता येतो. अंकांच्या गर्दीत तो राहिला तर पेन्शन थांबतं, आणि ते परत सुरू करायला जेवढे खेटे पडतात तेवढ्यात शंभर अंक विकून होतात.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा वाटा

ज्यांचं डोकं शाबूत आहे पण हालचाल कमी झाली आहे अशा आजोबांना यात खरं काम देता येतं. आवृत्ती ओळखणं, लेखकाबद्दल दोन ओळी सांगणं, वळणदार अक्षरात पत्ते लिहिणं. सफाई झालेलीच पुस्तकं त्यांच्या हातात द्या आणि पत्ता नंतर तुम्ही तपासा. दिवसाला चार-पाच पत्ते पुरे, ढीग समोर ठेवला की उत्साह जातो.

आणि त्यांचं स्वतःचं पुस्तकांचं कपाट विक्रीत धरू नका. सुरुवातीला भांडवल कमी असतं आणि ते कपाट समोर दिसत असतं, त्यामुळे मोह होतो. विस्मरणाच्या रुग्णाला तर ओळखीची वस्तू जागेवर नसली की चोरी झाली असंच वाटतं. आळ येतो तो मावशींवर किंवा तुमच्यावर, आणि रात्रभर समजूत काढावी लागते. त्या कपाटाला कुलूप नको, पण दारावर चिठ्ठी हवी: 'यातलं विकायचं नाही.' बदली बसणाऱ्या भाच्याला ते माहीत नसतं.